भोंगा : खानदेशातील एका हाकेचा इतिहास

मराठी भाषेत ‘तास’ हा शब्द काळाच्या मापाला लावतात, आणि काशाच्या ज्या जाड थाळीवर मोगरीचा ठोका देऊन ते माप लोकांच्या कानी घातले जाई, त्या थाळीलाही लावतात. काळ आणि काळाची वर्दी ही दोन्ही एकाच नावाने ओळखली जावीत, यात आपल्या पूर्वजांच्या जीवनक्रमाचे एक मोठे सत्य सामावलेले आहे. ज्याच्या घरी घड्याळ नव्हते त्याला वेळ दिसत नसे, ती ऐकू येत असे. कसब्याच्या ठिकाणी कचेरीच्या किंवा खजिन्याच्या देवडीवर पहारेकरी टोल देई. लग्नघरी जोशी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडी, आणि ती भरून बुडाली म्हणजे चोवीस मिनिटांची एक घटका संपली असे मानी. अशा साठ घटकांनी अहोरात्र पुरे होई. परंतु तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत राबणाऱ्या कुणब्याला या टोलाशी वा घटकेशी फारसे कर्तव्य नव्हते. तो कोंबड्याच्या आरवण्याने उठे, सूर्य कासराभर वर येण्याच्या आत औत जुंपी आणि दिवेलागणीला घरी परते. अशा या मुलखात गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात वाफेचा भोंगा वाजू लागला. त्या भोंग्याची, त्याच्या मागून आलेल्या सायरनची आणि आज कारखान्याच्या खांबाखांबावर टांगलेल्या कर्ण्यांची हकीकत ही खानदेशातील औद्योगिक जीवनाची हकीकत आहे, आणि ती अद्याप पुरी झालेली नाही.

वेळेची वर्दी जशी ध्वनीने दिली जाई, तशी संकटाचीही. गावगाड्यात हे काम जागल्याचे असे, आणि खानदेशातील पुष्कळ गावांत ही जागलकी परंपरेने भिल्लांकडे होती. रात्री गावकुसाभोवती फिरून हाळी देणे, चोराची चाहूल लागताच गाव उठविणे, खळ्याला आग लागली तर हाकाटी करणे, ही त्याची कर्तव्ये. सरकारी हुकूम रयतेला कळवावयाचा असला म्हणजे दवंडी पिटली जाई. दवंडी आणि हाकाटी यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. दवंडीत आधी डफाची थाप पडे आणि मग शब्द येत, म्हणून नवा मजकूरही तिने सांगता येई. हाकाटीत शब्द जवळजवळ नसतच, आणि तरीही ती कानी पडताच कोणी घागर उचलावी, कोणी काठी घ्यावी, कोणी गुरांची दावी सोडावी हे गावाला ठाऊक असे. हाकाटीचा अर्थ हाकाटीत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात अगोदर साठविलेला असतो. पण माणसाच्या कंठाला पल्ल्याची मर्यादा आहे. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा यांना महापूर आला आणि धुळे शहरातील शेकडो घरे त्यात वाहून गेली, तेव्हा नदीच्या त्या घोंघावण्यापुढे हाळीचा स्वर किती घरांपर्यंत पोहोचला असेल, याची कल्पना आज नदीकाठी उभे राहूनही करता येते. अधिक दूर जाणाऱ्या आवाजाची गरज होती, आणि तो आवाज त्याच सुमारास कापसाच्या वाटेने खानदेशात येत होता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ थळ घाट ओलांडून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या मार्गाने भुसावळास आले. १८६७ मध्ये ते नागपुरास पोहोचले आणि १८७० मध्ये जबलपूरचा मार्ग खुला होऊन मुंबई-कलकत्ता अशी सलग वाट झाली. या दोन घटनांच्या संगमाने जळगावचे भाग्य उजळले. एरव्ही धरणगाव, पारोळे, एरंडोल यांच्यासारख्या जुन्या पेठांच्या मागे राहिले असते ते गाव कापसाचे मोठे ठाणे बनले. तेथे सरकी काढणारे जिन आणि गठाणी दाबणारे प्रेस यांची धुराडी उभी राहिली, आणि १८७० च्या दशकात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. ज्या मूळजी जेठा यांचे नाव आज जळगावच्या महाविद्यालयाला आहे, त्यांच्याच घराण्याशी ही गिरणी निगडित होती. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात श्रीमंत प्रतापशेठ यांनी अमळनेरास प्रताप मिल उभारली, धुळ्यास न्यू प्रताप मिल निघाली, चाळीसगावास लक्ष्मीनारायण मिल झाली. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले; पण पूर्वेचे जळगाव असो की पश्चिमेचे धुळे, दोन्हीकडे पहाट एकाच तऱ्हेच्या आवाजाने होऊ लागली.

हा आवाज मुळात हाक म्हणून जन्मास आलेला नव्हता. वाफेची शिट्टी प्रथम तयार झाली ती वेल्समधील डाउलेस येथील लोखंडाच्या कारखान्यात, १८३३ च्या सुमारास, एड्रियन स्टीफन्स नावाच्या कारागिराच्या हातून; आणि तिचे प्रयोजन होते बाष्पकाची, म्हणजे बॉयलरची, स्थिती धोक्याची होताच जवळच्या माणसांना सावध करणे. बाष्पक फुटून माणसे मरणे ही त्या काळची नित्याची आपत्ती होती, आणि जी वाफ मारणार तिनेच आधी ओरडून सांगावे, अशी ती योजना होती. तेथून ती आगगाडीच्या इंजिनावर गेली, इंजिनावरून गिरणीच्या छपरावर गेली, आणि तेथे तिचा धर्म पालटला. इशारा देण्यासाठी निर्माण झालेली वस्तू माणसे बोलावण्याच्या चाकरीस लागली. खानदेशच्या लोकांना ती या दुसऱ्याच रूपात भेटली, आणि त्यांनी तिला मराठी नाव दिले : भोंगा.

हा भोंगा वाजतो कसा, हे बाष्पकगृहात उभे राहून पाहण्यासारखे होते. बाष्पकाच्या माथ्यावरून निघालेली नळी छपराबाहेर जाई; तिच्या टोकाशी पितळेची एक उपडी घंटा बसविलेली असे आणि घंटेच्या काठाखाली सर्व बाजूंनी गोल फिरलेली एक बारीक फट असे. झडपेला बांधलेली साखळी खाली आगवाल्याच्या हाताशी लोंबत असे. घड्याळाचा काटा जागेवर आला की आगवाला साखळी ओढी; रात्रभरात नळीत साचलेले पाणी प्रथम गुरगुरत, फुरफुरत बाहेर पडे, आणि क्षणभराने कोरडी वाफ त्या फटीतून पातळ पडद्यासारखी उसळून घंटेच्या धारेवर आपटे. मग तो खर्जातला, छातीत घुमणारा सूर उमटे. घंटा जितकी लांब तितका सूर खोल. आणि खोल सूर दूरवर पोहोचतो, म्हणून गिरणीच्या भोंग्याचा आवाज इंजिनाच्या शिट्टीपेक्षा जाड असे. पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा निघण्याचा, आणि शेवटच्या भोंग्याला फाटक बंद. ‘भोंगा वाजना’ एवढे दोन अहिराणी शब्द कामगाराच्या घरात पुरेसे होते. तेवढ्यावर चूल पेटे, भाकरी बांधली जाई, बिल्ला खिशात जाई. साचेखात्यात मागांवर विणणारा कामगार, त्रासनखात्यात सूत कातणारा कामगार, गैरहजराच्या जागी बदलीची आशा धरून फाटकाशी उभा राहणारा तरुण, सारे या एका सुराने बांधलेले होते. आणि ज्यांचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचेही दिवस त्याने मोजले जाऊ लागले. शेजारच्या खेड्यातला शेतकरी दुपारच्या भोंग्याला बैल सोडी, शाळेतला मुलगा दप्तर उचली, हातगाडीवाला फाटकाकडे वळे. सबंध गावाला एकच घड्याळ मिळाले होते, आणि ते सर्वांच्या मालकीचे वाटत असले तरी त्याची साखळी एकाच हातात होती.

ही साखळी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न लहान नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सबंध देशासाठी एकच प्रमाण वेळ ठरविली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. त्या दिवसापासून गिरण्यांची घड्याळे पुढे सरकली आणि सूर्याच्या हिशेबाने कामगाराला तितके लवकर हजर व्हावे लागले, तेव्हा मुंबईतील गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून आपला रोष प्रकट केला. खानदेशच्या बाबतीत हे अंतर गणिताने काढता येते. जळगाव ज्या रेखांशावर आहे तेथे सरासरीने सूर्य माथ्यावर येतो तेव्हा प्रमाण वेळेच्या घड्याळात १२ वाजून २८ मिनिटे झालेली असतात. धुळ्यास तोच क्षण १२ वाजून ३१ मिनिटांनी येतो. ज्याने जन्मभर सावलीवरून वेळ ओळखली, त्या माणसाला आपली सावली आणि गिरणीचा भोंगा यांत अर्ध्या तासाचे अंतर का, हे कोणी समजावून सांगितले नाही. त्याने ते अंतर मुकाट्याने आपल्या झोपेतून भरून काढले.

कामाचे तास किती असावेत, याचा इतिहासही याच सुराशी जोडलेला आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक माणसे राबणाऱ्या कारखान्यांना लागू झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, पण प्रौढ कामगाराला त्याने कोणतेही संरक्षण दिले नाही. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना संघटित करून आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती देशभर कायद्यात आली. दुपारचा जो भोंगा आपल्याला निसर्गनियमासारखा वाटत आला, तो अशा रीतीने मागून मिळविलेला आहे. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर, १९२२ च्या कायद्याने अकरावर, १९३४ च्या कायद्याने दहावर आणि १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने नऊ तासांवर व आठवड्याला ४८ तासांवर आणला. प्रत्येक कायद्याने सायंकाळचा भोंगा थोडाथोडा अलीकडे ओढला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी शाळा सोडून राष्ट्रकार्यात पडल्यावर खानदेशातील गिरणी कामगारांच्या पाठीशी उभे राहिले. त्या कामगारांच्या लढ्याचे फळ ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी पहाटेचा आणि सायंकाळचा भोंगा यांच्यामधले अंतर पिढ्यापिढ्यांत कसे कमी होत गेले, तेवढे मोजावे.

हाकेची ही कथा झाली. इशाऱ्याचे काय झाले? आगीच्या प्रसंगी गिरणीचा भोंगा थांबत थांबत वाजविला जाई आणि भलत्या वेळी वाजलेल्या भोंग्याने गावाच्या काळजाचा ठोका चुके, हे खरे. परंतु जेथे खरी गरज, तेथे तो पोहोचतच नसे. शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असलेल्या खात्यात शेजारच्याचे बोलणेदेखील ऐकू येत नाही. तेथील माणसे ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. छपरावरचा भोंगा कोसभर दूरच्या शेतात ऐकू जाई, आणि त्याच छपराखाली तो साच्यांच्या गदारोळात बुडून जाई. गिरणीने आपला आवाज गावाला बोलावण्यासाठी बांधला होता, आतल्या माणसाला वाचविण्यासाठी नव्हे, असे म्हटले तर त्यात अन्याय होणार नाही.

खानदेशात इशाऱ्याची खरी भाषा कोणी घडविली असेल तर ती रेल्वेने, आणि तिचे केंद्र होते भुसावळ. रेल्वेच्या नियमावलीत अपघाताच्या भोंग्याचे एक व्याकरणच दिलेले असते. दोन दीर्घ स्वर झाले म्हणजे अपघात इंजिनांच्या शेडमध्ये किंवा लगतच्या यार्डात आहे; तीन दीर्घ झाले म्हणजे तो बाहेरच्या स्थानकावर आहे, पण मुख्य मार्ग मोकळा आहे; चार दीर्घ झाले म्हणजे मुख्य मार्ग अडला आहे; आणि शेवटी एक ऱ्हस्व स्वर जोडला गेला म्हणजे जखमी माणसे आहेत, वैद्यकीय गाडी निघाली पाहिजे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात या मात्रा केवळ कर्मचाऱ्यांपुरत्या राहत नाहीत. मध्यरात्री भोंगा सुरू झाला की घराघरांतून दिवे लागतात आणि अंथरुणात उठून बसलेली माणसे श्वास रोखून मात्रा मोजतात. चारानंतर पाचवा ऱ्हस्व आला तर ज्याचा माणूस त्या रात्री गाडीवर गेलेला असेल, त्या घरातली बाई पदर सावरून दाराशी येते. तिला नियमावलीचे पुस्तक कोणी दाखविलेले नसते, पण तिला अर्थ ठाऊक असतो. जागल्याच्या हाकाटीत जो गुण होता तोच येथे वाफेने व विजेने पुन्हा सिद्ध झाला. ऐकणाऱ्याला आधीपासून शिकविलेला ध्वनी, हीच इशाऱ्याची व्याख्या भुसावळने खानदेशाला दिली.

विजेच्या भोंग्याला आपण सायरन म्हणतो. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने १८१९ मध्ये आपल्या एका उपकरणाला दिले. छिद्रे पाडलेल्या फिरत्या चकतीतून हवा सोडून तो सूर काढी, आणि ते उपकरण पाण्याखालीही वाजे, म्हणून ग्रीक पुराणांतील ज्या गायिका आपल्या गाण्याने नाविकांना भुलवून मृत्यूच्या खडकांवर नेत, त्यांचे नाव त्याने त्याला दिले. माणसांना मृत्यूकडे ओढणाऱ्या कंठाचे नाव माणसांना मृत्यूपासून दूर लोटणाऱ्या यंत्राला मिळाले, आणि ते त्याने सार्थ केले. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून संरक्षणाची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा चढउतार करणारा सूर म्हणजे धोका आणि एकसारखा लांब सूर म्हणजे धोका टळला, ही दोन वाक्ये हिंदुस्थानातील शहरांनी शिकून घेतली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती पुन्हा उजळली गेली. आणि अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात, देशभर नागरी संरक्षणाचा सराव जाहीर झाला तेव्हा महाराष्ट्रातील ठिकाणांच्या यादीत भुसावळचे नाव होते, हे त्या जंक्शनचे महत्त्व जाणणाऱ्यांना नवल वाटण्याजोगे नव्हते. याच सायरनला आपल्या सार्वजनिक जीवनात आणखी एक पवित्र काम लाभले. दर ३० जानेवारीस सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी तो मिनिटभर वाजतो आणि थांबतो. अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटांचे मौन सुरू होते, आणि ते संपल्याचेही तोच सांगतो. ध्वनीने मौनाची मर्यादा आखावी, याहून त्याचा गौरव तो कोणता!

भोंगा आणि सायरन यांना सूर होता, शब्द नव्हते. शब्द आले ध्वनिक्षेपकाबरोबर, आणि ते प्रथम राजकारणात आले. नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीचे ध्वनिक्षेपक १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या मंडपांतून दिसू लागले. पूर्व खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे जे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटया यांनी सजविलेल्या त्या टिळकनगरात हजारो शेतकरी हे शिकले की, राजकारण हे आता दूरच्या शहरात बोलले जाणारे शास्त्र राहिलेले नसून आपल्या कानापर्यंत येणारे भाषण आहे. स्वातंत्र्यानंतर हाच कर्णा कारखान्यांत शिरला. त्याची योजना मोठ्या युक्तीची आहे. दूरवर पसरलेल्या आवारात ध्वनीची वीज कमी दाबाने पाठविली तर ती तारेतच मुरते. म्हणून ती साधारण १०० व्होल्टच्या दाबाने धाडतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवून तो दाब उतरवितात. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. तेथून निघणारी वीज ज्या न्यायाने उंच दाबाच्या तारांवरून दूरच्या गावी जाते, त्याच न्यायाने कारखान्यातील माणसाचा शब्द शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जातो. रेल्वेच्या मोठ्या यार्डांत खांबावरच्या कर्ण्याशी बटण दाबून उलट उत्तर देण्याचीही सोय आली. आणि हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण शंभर वर्षे जो आवाज एकाच दिशेने वाहत होता, त्याला रुळांत उभ्या असलेल्या माणसाने प्रथमच प्रत्युत्तर दिले. ज्या खात्यात कान निकामी होतात तेथे ध्वनीला लखलखत्या दिव्याची जोड मिळाली. आतल्या माणसाला न पोहोचणारा इशारा अखेरीस त्याच्या डोळ्यांपर्यंत आला.

कायदाही मागे राहिला नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३८ व्या कलमात असे बंधन होते की, आग लागल्यास कारखान्यातील प्रत्येक काम करणाऱ्याला स्पष्ट ऐकू येईल असे इशाऱ्याचे परिणामकारक साधन असलेच पाहिजे. ‘प्रत्येक’ हा शब्द मोलाचा आहे. पण तो भिंतीच्या आतल्यांपुरता होता. भिंतीबाहेरचा माणूस कायद्याच्या नजरेत यावा, यासाठी २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांमधली भोपाळची रात्र उजाडावी लागली. तेथील कारखान्यातून विषारी वायू पसरू लागला असता कारखान्याचा सार्वजनिक भोंगा वाजला खरा, पण थोड्याच वेळात तो बंद केला गेला आणि पुन्हा सलग वाजू लागला तेव्हा फार उशीर झालेला होता. ज्यांनी तो ऐकला त्यांनाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्ट त्या वस्त्यांना कोणी सांगून ठेवलेली नव्हती. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण घातले गेले, आणि १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी आवारातील आपत्तीची योजना कारखानदाराने व आवाराबाहेरची जिल्हा प्रशासनाने करावी, अशी वाटणी केली. त्याच नियमांत, ज्यांना अपघाताची झळ लागू शकते अशा शेजाऱ्यांना धोक्याचे स्वरूप काय आणि त्या वेळी काय करावे व काय करू नये, हे सांगून ठेवण्याचे कर्तव्य कारखानदारावर टाकलेले आहे. हे सारे खानदेशापासून दूरचे नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडी येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. क्षणार्धात घडणाऱ्या स्फोटाआधी कोणताही भोंगा वाजू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यानंतरचा पहिला अर्धा तास ज्या गावाला आधीपासून शिकवून ठेवलेले असते, त्या गावात निराळा जातो.

दरम्यान गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके झाले. धुळ्याची आणि चाळीसगावची गिरणी आजारी ठरून १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि पुढे त्याही थांबल्या. जळगावची खानदेश मिल बंद होऊन तिच्या जागेवर बाजारपेठ उठली. ज्या गावांनी शंभर वर्षे आपला दिवस त्या सुरावर लावला होता, त्या गावांत आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे घड्याळ आहे, आणि २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातल्यानंतर छपरावरून सबंध गावाला जागे करणारा आवाज कोणी परत मागणारही नाही. नव्या औद्योगिक वसाहतींत चटईचे, प्लास्टिक नळ्यांचे, डाळीचे, रसायनांचे कारखाने आहेत. त्यांच्या इशाऱ्याची यंत्रे जुन्या भोंग्यापेक्षा शतपट कुशल आहेत, धूर आणि उष्णता ओळखून ती आपोआप बोलतात. पण ती आपल्याच आवारात बोलतात. जुना भोंगा मालकाचा असूनही गावाचा झाला होता, कारण गावातल्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक होता. नवा कर्णा कामगाराच्या रक्षणासाठी असूनही शेजाऱ्याला परका आहे, कारण तो काय सांगतो हे भिंतीपलीकडे कोणालाच माहीत नसते.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष माझ्यापुरता स्पष्ट आहे. इशाऱ्याचे सामर्थ्य वाजविणाऱ्याच्या यंत्रात अर्धे असते आणि ऐकणाऱ्याच्या शिकवणीत अर्धे. जागल्याचे गाव आणि भुसावळची वस्ती यांनी हे दुसरे अर्धे जपले, गिरण्यांनी ते हाकेपुरते जमविले, इशाऱ्यापुरते कधी जमविलेच नाही. म्हणून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील कारखानदारांना, कारखाना निरीक्षकांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच आहे की, कारखान्याच्या फाटकावर, लगतच्या शाळेच्या भिंतीवर आणि चावडीवर ठळक मराठी अक्षरांत चार ओळी लिहाव्यात : आमचा भोंगा असा वाजला तर धोका समजावा, अमुक दिशेला जावे, तोंडावर ओले फडके धरावे, आणि असा वाजला म्हणजे धोका टळला समजावे. वर्षातून एकदा तो भोंगा सांगून वाजवावा आणि मुलांना त्याच्या मात्रा मोजावयास लावाव्यात. कायद्याने हे काम १९८९ पासूनच सांगून ठेवले आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक भिंत आणि थोडा चुना पुरतो.